‘कसंतरी’ या शब्दाच्या पोटात

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील एका वाडीवर, जेथे उसाचे फड शाळेच्या कुंपणाला येऊन टेकलेले आहेत आणि जेथे बिबट्याच्या भयाने मुले एकेकटी न येता घोळक्याने, मुद्दाम मोठमोठ्याने बोलत शाळेची वाट चालतात, अशा एका द्विशिक्षकी शाळेत गेल्या पावसाळ्यापासून मी कितीतरी शनिवार जाऊन बसलो. राज्य शासनाने २०२४ मध्ये पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम सुरू केला. प्राणायाम, रस्ते सुरक्षा, स्वतःच्या आरोग्याची निगा, पैशाचा रोजचा व्यवहार, नातेसंबंध सांभाळणे अशा ज्या बाबींचा त्यात समावेश आहे, त्या सात वर्षांच्या मुलाच्या मनात कोणत्या वाटेने उतरतात, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयाचे होते.

वर्गाच्या भिंतीवर दहा जीवनकौशल्यांचा तक्ता होता. जागतिक आरोग्य संघटनेने जगभरच्या शाळांपुढे ठेवलेली, स्व-जाणिवेपासून ताणतणावांच्या समायोजनापर्यंतची ती सर्वपरिचित यादी सुवाच्य अक्षरांत लिहिलेली होती. तथापि बाईंनी मुलांच्या देखत त्या तक्त्याकडे एकदाही बोट दाखविले नाही, आणि त्यांच्या यशाचे पहिले कारण मला तेच वाटते.

शनिवारची सकाळची शाळा. प्रार्थना आटोपून मुले वर्गात येऊन बसली, तरी दुसरीतला एक मुलगा उंबऱ्याशीच उभा राहिला.

“काय रे बाळा, आत का येत नाहीस?”

“बाई, कसंतरी होतंय.”

हे ‘कसंतरी’ आपल्या घराघरांत रोज ऐकू येते, आणि त्याचा निकालही आपण ठरलेल्या रीतीने लावतो: चिमूटभर ओवा हातावर ठेवतो, कपाळाला हात लावून ताप पाहतो, नाहीतर ‘नाटकं पुरे’ म्हणून प्रकरण मिटवतो. बाईंनी यातले काहीच केले नाही. त्या त्याच्याजवळ जाऊन जमिनीवर बसल्या, आपले डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीला आणले आणि हळू आवाजात एवढेच विचारले, “कुठं होतंय कसंतरी? पोटात, छातीत, की डोक्यात?” मग त्या गप्प राहिल्या. माझ्या मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे ती स्तब्धता पावणेचार मिनिटे टिकली. वर्गातील इतर मुले या थांबण्याला सरावलेली असावीत, कारण ती आपापल्या चित्रांत निमूटपणे रंग भरीत राहिली. अखेर त्या मुलाने गळ्याला हात लावला.

“इथं दाटल्यासारखं होतंय?”

त्याने मान हलवली, आणि मग सारे बाहेर आले. त्याने ज्याला बाटलीने दूध पाजून वाढवले ते करडू आदल्या दिवशी घरच्यांनी बाजारात नेऊन विकले होते. बाईंनी करडू परत मिळेल असे खोटे आश्वासन दिले नाही, की ‘मुलगा असून रडतोस’ असेही म्हटले नाही. “तुला त्याची आठवण येतेय, म्हणून वाईट वाटतंय,” असे त्या म्हणाल्या. त्यावर तो मोकळेपणाने रडला आणि थोड्या वेळाने आपण होऊन आत येऊन बसला.

त्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात बाईंनी ‘कसंतरी’ हा शब्द लिहिला व तो पुसायचा नाही, असा दंडक घातला. पुढच्या प्रत्येक शनिवारी मुलांनी त्याच्या पोटातून एकेक नवा शब्द काढावा, असा क्रम पडला. धाकधूक निघाली, हिरमोड निघाला, रुसवा, लाज, हेवा, हुरहूर निघाली. एका मुलीने सांगितले की, सगळ्यांसमोर कोणी रागावले म्हणजे तिचे कान तापतात. तो राग की अपमान, यावर वर्गात बराच वेळ खल झाला आणि शेवटी दोन्ही शब्द लिहावे लागले. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत एकोणीस शब्द जमले. मनाच्या अवस्थांसाठी आपल्या भाषेने केवढे भांडार भरून ठेवले आहे आणि आपण मुलांना त्यातला केवळ एक मोघम शब्द वापरायला देतो, याची मला त्या फळ्यासमोर बसून प्रथमच तीव्रतेने जाणीव झाली. ज्या मुलाला ‘मला हेवा वाटतोय’ असे म्हणता येते, ते शेजाऱ्याची नवी पेन्सिल मोडण्याआधी निदान क्षणभर थांबते. ते थांबणे मी त्या वर्गात पाहिले आहे.

हात धुण्याचा पाठ नळावर होई. साबण चांगला वीस सेकंद तरी चोळला पाहिजे, म्हणून ‘बे एके बे’पासून ‘बे दाहे वीस’पर्यंतचा पाढा सावकाश म्हणायचा आणि मगच पाणी सोडायचे, खिचडीच्या रांगेत लहानांनी पुढे उभे राहायचे. याविषयी अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला व पुढे कोसबादला आदिवासी मुलांना आंघोळ घालण्यापासून, केस विंचरण्यापासून बालशिक्षणाला आरंभ केला, तेव्हापासून ही परंपरा आपल्या मातीत रुजलेली आहे.

सर्वांत अवघड पाठ मात्र ‘नको’ म्हणण्याचा होता. थोरांचे ऐकावे, उलटून बोलू नये, पाहुण्यांनी जवळ बोलावले की जावे, अशी ज्यांना जन्मापासून शिकवण, त्या मुलांना नकोसा वाटणारा स्पर्श झाला तर मोठ्या माणसालाही ठामपणे नकार द्यावा, तेथून निघून जावे आणि विश्वासाच्या माणसाला सांगावे, हे केवळ सांगून भागत नाही. तो आवाज गळ्याला सवयीचा करावा लागतो. बाई एकेकाला पुढे उभे करीत आणि ‘नको, मला आवडत नाही’ हे वाक्य पटांगणाच्या पलीकडच्या लिंबापर्यंत पोहोचेल असे म्हणायला लावीत. एका मुलीचा आवाज पहिले तीन शनिवार ओठांबाहेर आलाच नाही. चौथ्या शनिवारी तो लिंबापर्यंत गेला, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा बाईंनी पाठ फिरवून पदराने डोळे टिपले. १०९८ हा बालसाहाय्याचा विनामूल्य क्रमांक त्या मुलांना आता पाढ्यासारखा पाठ आहे.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. हजेरीपट, पोषण आहाराची नोंदवही आणि वरून मागविले जाणारे नाना तऱ्हेचे तक्ते यांतच बाईंचा किती वेळ जातो, हे मी पाहिले. शनिवारच्या उपक्रमाचीही छायाचित्रे त्याच दिवशी पाठवावी लागत. उंबऱ्याशी उभ्या असलेल्या त्या मुलाचे छायाचित्र कोणी काढले नाही, काढणे योग्यही नव्हते, आणि म्हणून त्या सकाळचे सर्वांत मोलाचे काम कोणत्याही अहवालात दाखल झाले नाही.

ज्यांच्या हाती शाळांचा कारभार आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, एखादा तक्ता कमी मागवावा, पण बाईंची ती पावणेचार मिनिटे त्यांच्यापाशी राहू द्यावीत.