झाकण ठेवा, उकळू नका

अंगणात तुळस, कुंडीत गवती चहा, कुंपणावर गोकर्ण. यांतल्या प्रत्येकाचं सुरेख पेय होतं. पण आपली रीत सरसकट एकच: पातेल्यात टाका आणि खळखळ उकळा. सुंठीला ती मानवते, तुळशीला नाही.

काढा, फांट आणि हिम

आयुर्वेदानं हा भेद केव्हाच करून ठेवला आहे. शार्ङ्गधरसंहितेत मापंही आहेत. काढ्याला सोळापट पाणी घालून ते आटवायचं, फांटासाठी चौपट गरम पाणी ओतून गाळायचं, हिमासाठी सहापट गार पाण्यात रात्रभर भिजवायचं. ही मापं औषधाची; सहज प्यायचं पेय याहून कितीतरी पातळ हवं. तत्त्व मात्र तेच. मुळं, साली, सुंठ उकळा. पानं-पाकळ्यांवर नुसतं गरम पाणी ओता.

वास जातो कुठे?

गवती चहाचा लिंबासारखा वास सिट्रालचा, तुळशीतला लवंगेच्या वळणाचा युजेनॉलचा. ही तेलं वाफेबरोबर उडतात. घरभर घमघमाट सुटला की आपण खूश होतो. पण जो घरभर गेला तो कपात कुठून येणार?

म्हणून पाण्याला उकळी आली की गॅस बंद करा, मग पानं टाका आणि लगेच झाकण ठेवा. तुळशीची ८-१० पानं कपभर पाण्याला पुरतात. ५ मिनिटांत गाळा. गवती चहाची पात चिवट असते. ती कात्रीनं कापून, जरा ठेचून १० मिनिटं ठेवा. (पात हातानं ओढून तोडू नका, कड ब्लेडसारखी कापते.) झाकण उचलताना त्याला धरलेले थेंब पातेल्यातच निथळू द्या.

निळं पाणी

गोकर्णाची ५-६ फुलं घ्या, हिरवा देठ काढा आणि काचेच्या ग्लासात गरम पाणी ओता. बघता बघता पाणी निळंशार होतं, पाकळ्या फिकटतात. मग लिंबू पिळा: जिथे थेंब पडेल तिथून जांभळा रंग पसरत जातो. फुलातली अँथोसायनिन ही रंगद्रव्यं आंबटपणा वाढला की रंग पालटतात. जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणीही लिंबानं लाल होतं.

खरं सांगायचं तर गोकर्णाला चव अशी जवळजवळ नसतेच. सगळी मौज डोळ्यांची. जोडीला गवती चहा घाला. बाजारात मिळणारा आंबट ‘हिबिस्कस टी’ लाल अंबाडीच्या बोंडांचा असतो, त्यामुळे दारच्या जास्वंदीकडून त्या आंबटपणाची अपेक्षा नको.

माठातला वाळा

उन्हाळ्यात याहून सोपं काही नाही. वाळ्याच्या मुळ्यांना माती फार असते. पाणी नितळ येईपर्यंत धुवा, मलमलीच्या फडक्यात पुरचुंडी बांधून माठात सोडा. दोन-तीन दिवसांनी काढून कडक उन्हात वाळवली की पुन्हा वापरता येते. मोगऱ्याची चार फुलं रात्री पाण्यात टाका, सकाळी काढून घ्या. फार वेळ ठेवली तर पाणी कडवटतं.

ही फुलं नकोत

कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हृदयावर घात करतात, धोतराही विषारी. ओळख पक्की नसेल तर ते फूल देवाला वाहा, कपात नको. गरोदर बायकांनी आणि रोजची औषधं चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जास्वंद घेऊ नये. गजऱ्यातला मोगरा आणि हारातला गुलाब यांवर फवारणी झालेली असू शकते, तेव्हा तीही टाळा.

फुलं घरचीच उत्तम. गोकर्णाचं बी टणक असतं, रात्रभर भिजवून पावसाच्या सुरुवातीला कुंडीत टोचा आणि वेलाला चढायला एक काठी द्या.