वायरलेस प्रिंटर सापडत का नाही?

ओसीआयचा अर्ज ऑनलाइन भरून झालाय, उद्या सकाळी तो छापून, सही करून पाठवायचाय, आणि लॅपटॉप म्हणतो, ‘प्रिंटर ऑफलाइन’. आपल्याकडे कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान असतं. इथे तीही सोय नाही. फारच घाई असेल तर यूएसबी केबल लावून काम उरका आणि बाकीचं सवडीने वाचा.

प्रिंटर वाय-फायवर चालायला तीन वेगळ्या गोष्टी जमाव्या लागतात. त्याला राउटर ‘ऐकू’ यायला हवा, त्याला नेटवर्कवर पत्ता मिळायला हवा आणि तो पत्ता लॅपटॉपला कळायला हवा. बिघाड यांपैकी कुठे आहे ते ओळखलं की निम्मं काम झालं.

पहिली गोष्ट ऐकू येण्याची. घरातले राउटर साधारणपणे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतात, पण अनेक प्रिंटरना फक्त २.४ कळतं. त्यामुळे पहिल्यांदा जोडताना फोन ५ वर असेल तर प्रिंटरचं ॲप कधीकधी अडतं. तेवढ्यापुरता राउटरवरचा ५ चा पट्टा बंद ठेवा. एकदा जोडणी झाली की दोघं वेगळ्या पट्ट्यांवर असले तरी चालतं. राउटरची सुरक्षा फक्त ‘डब्ल्यूपीए३’ असेल तर जुन्या प्रिंटरला ती समजत नाही. ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा मिश्र पर्याय निवडा. अमेरिकेतून युरोपात प्रिंटर घेऊन आलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. अमेरिकेत २.४ च्या पट्ट्यात १ ते ११ चॅनल वापरतात, युरोपात १ ते १३. राउटर १२ किंवा १३ वर गेला तर तिकडच्या प्रिंटरला तो दिसतच नाही. राउटरला १, ६ किंवा ११ वर बसवून टाका.

दुसरी गोष्ट पत्त्याची. लग्नाच्या कार्यालयात पाहुणा येईल तशी खोली देतात, तसा राउटर प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता देतो, तोही ठरावीक मुदतीपुरता. प्रिंटर काही दिवस बंद राहिला की पुढच्या वेळी त्याला दुसरी खोली मिळू शकते. लॅपटॉप मात्र जुन्याच खोलीचं दार वाजवत बसतो. ‘काल चालत होता, आज नाही’ या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवता येतो. पाच मिनिटांचं काम आहे, जरूर करा.

तिसरी गोष्ट शोधण्याची. लॅपटॉप नेटवर्कवर हाक मारतो, ‘इथे प्रिंटर कोण आहे?’ आणि प्रिंटर ‘मी आहे’ म्हणतो. ही हाक घरच्या नेटवर्कपुरतीच असते. पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर उपकरणांना सहसा एकमेकांशी बोलू दिलं जात नाही, म्हणून तिथून हाक पोहोचत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल तरीही हाक अडू शकते.

आता निदान. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कच्या माहितीचं पान छापा आणि त्यावरचा आयपी पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि प्रिंटरने स्वतःच एक घेतलाय. वाय-फायची जोडणी पुन्हा करा. पत्ता १९२.१६८ सारखा असेल तर तो लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाका. प्रिंटरचं स्वतःचं पान उघडलं, तर प्रिंटर ठणठणीत आहे. लॅपटॉपमधून जुनी नोंद काढून याच पत्त्याने तो नव्याने जोडा. पान उघडलं नाही, तर आधी व्हीपीएन बंद करून बघा, मग दोघं एकाच नेटवर्कवर आहेत का ते तपासा.

ते छापलेलं पान फेकू नका. प्रिंटरच्या झाकणाखाली ठेवलंत, तर पुढच्या वेळी घरातलं कुणीही हे करू शकेल.