पोरगं बिघडलेलं नसतं

परदेशात स्थायिक झालेल्या घरातलं मूल उलटून बोलू लागलं, शाळा बुडवू लागलं की निदान तयारच असतं : इथल्या हवेनं पोरगं बिघडलं.

१९७०च्या दशकात अमेरिकेतल्या मायामीत, क्युबातून आलेल्या कुटुंबांचं हेच गाऱ्हाणं होतं. क्युबातच जन्मलेले मानसशास्त्रज्ञ होसे शापोचनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मात्र दिसलं ते वेगळंच. मुलं शाळेत इंग्रजी आणि तिथल्या चालीरीती भराभर उचलत होती, आईवडील मागं राहत होते. आईवडिलांचा धाक आणि मुलांची मोकळीक हे भांडण घरोघरचंच. इथं त्याला संस्कृतीचं नाव मिळून ते चिघळत होतं. मग त्यांनी दोष मुलावरून काढून या दरीवर ठेवला. आईवडिलांना नव्या देशाची रीत उमजावी, मुलांना घरची, आणि दोन्ही टिकाव्यात, असा उपचार बेतला. मुलाचं भलं व्हावं म्हणून घरातली भाषा सोडणारे आईवडील ही दरी स्वतःच वाढवतात.

सगळं घर एकत्र बसल्याशिवाय कुटुंबोपचार होत नाही, हाही समज खरा नाही. १९८३मध्ये शापोचनिक यांच्याच गटानं घरातल्या एकाच व्यक्तीला भेटून केलेला कुटुंबोपचार तपासला. तो सगळ्यांना बसवून केलेल्या उपचाराइतकाच गुणकारी ठरला. वडील दोन-दोन नोकऱ्या करत असतील, तर ही केवढी सोय!

‘पहिलं वर्ष काढलं की सुटलो’ असंही म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञ कार्लोस स्लुझ्की यांनी १९७९मध्ये स्थलांतरित कुटुंबांचा उलट क्रम मांडला. सुरुवातीचे महिने घर, नोकरी, शाळा यांच्या धावपळीत कुटुंब नेटानं उभं राहतं. ताण बाहेर पडतो तो नंतर.

आणि सर्वांत घातक समज : मुलाला दोन्ही भाषा येतात, तोच दुभाषा. दृश्य डोळ्यांसमोर आणा. समुपदेशकासमोर मधल्या खुर्चीत बारा वर्षांचा मुलगा. आई हुंदके देत सांगते, “रात्र-रात्र झोप नाही, जगावंसं वाटत नाही.” मुलगा खाली बघत इंग्रजीत म्हणतो, “तिला झोप येत नाही.” उरलेलं तो गिळतो. आईचा सांभाळ आता त्याच्याकडे आलेला असतो.

अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांना दुभाषा मोफत द्यावा लागतो. तिथं तुमचे आईवडील, बहीण, भाऊ असतील तर त्यांना एवढं सांगा : मराठी दुभाषा मागा आणि मुलाला त्या खुर्चीतून उठवा.