विद्यार्थी यजमान

अमेरिकेतील अनेक ज्यू शाळांमध्ये शैक्षणिक वर्षाच्या आरंभी येणाऱ्या नव्या कुटुंबांच्या स्वागताची जबाबदारी वरच्या वर्गांतील विद्यार्थी प्रतिनिधींकडे सोपवली जाते. हे विद्यार्थी पालकांना शाळेची इमारत दाखवतात, लहान मुलांना त्यांच्या वर्गापर्यंत पोहोचवतात आणि पुढील काही महिने त्या कुटुंबाला पडणाऱ्या लहानसहान प्रश्नांची उत्तरे देत राहतात. वरवर पाहता ही प्रथा कोणत्याही खासगी शाळेतील प्रथेसारखीच भासते. परंतु ज्यू शाळेत मुलाच्या प्रवेशाबरोबर त्याचे आईवडील आणि कित्येकदा आजीआजोबादेखील एका धार्मिक जीवनपद्धतीत पाऊल ठेवत असल्यामुळे तेथे या कामाला वेगळे वजन प्राप्त होते.

या शाळांना ‘डे स्कूल’ म्हणतात. गणित, विज्ञान, इंग्रजी या नेहमीच्या विषयांच्या जोडीला तेथे हिब्रू भाषा, तोरा म्हणजे मोझेसच्या नावाने ओळखले जाणारे पाच ग्रंथ, प्रार्थना आणि ज्यू इतिहास हे विषय दररोज शिकवले जातात. अमेरिकेत आलेल्या ज्यू स्थलांतरितांपैकी बहुसंख्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपली मुले सरकारी शाळांत घातली आणि धर्मशिक्षणासाठी दुपारची किंवा रविवारची शाळा पुरेशी मानली. न्यूयॉर्कची रामाझ आणि बोस्टनची मायमोनिडीस या दोन्ही शाळा 1937 मध्ये निघाल्या, 1944 मध्ये ‘तोरा उमेसोरा’ ही संस्था अशा शाळांच्या प्रसारासाठी स्थापन झाली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ही चळवळ झपाट्याने वाढली. 2018-19 मधील एका गणनेनुसार अमेरिकेत 900हून अधिक ज्यू डे स्कूल होत्या आणि त्यांत सुमारे 2 लाख 90 हजार विद्यार्थी शिकत होते. त्यांतील फार मोठा भाग कट्टर धर्मनिष्ठ कुटुंबांतील असून, त्यांच्या घरी ही जीवनपद्धती पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. इतर शाळांची स्थिती मात्र निराळी आहे; तेथे मुलाला घालणारे पालक स्वतः बहुधा सरकारी शाळेत शिकलेले असतात आणि हिब्रू अक्षरे त्यांनी तेराव्या वर्षीच्या धार्मिक विधीपुरतीच गिरवलेली असतात. 1970च्या दशकापासून सोव्हिएत संघातून आलेल्या कुटुंबांना तर धर्माचरण उघडपणे पाहायलाही मिळालेले नव्हते.

अशा पालकांची अडचण बाहेरच्याला सहज दिसत नाही. मुलाच्या डब्यात काय द्यावे, हा प्रश्नच पाहावा. कोशेर म्हणजे धर्मसंमत आहाराच्या नियमांनुसार डुकराचे मांस आणि कवचधारी जलचर वर्ज्य असतात आणि दूध व मांस एकत्र खाता येत नाही. म्हणून अनेक शाळा घरून येणाऱ्या डब्यात मांस नसावे असे सांगतात. मुलाच्या डोक्यावर किप्पा, म्हणजे छोटी गोल टोपी, केव्हा हवी, जेवणाआधी कोणता आशीर्वाद म्हणायचा, वाढदिवस शनिवारी ठेवला तर शब्बाथ म्हणजे साप्ताहिक विश्रांतीचा पवित्र दिवस पाळणारी मुले का येणार नाहीत, हे सारे जुन्या कुटुंबांना इतके अंगवळणी पडलेले असते की ते कोणाला समजावून सांगावे लागेल हेच त्यांच्या ध्यानात येत नाही. नव्या पालकाला, विशेषतः स्वतः ज्यू असूनही ज्याला यातले काही ठाऊक नाही त्याला, रब्बीसमोर, म्हणजे धर्मगुरूसमोर, किंवा मुख्याध्यापकांसमोर आपले अज्ञान कबूल करण्याचा संकोच वाटतो. पंधरा-सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याला तोच प्रश्न विचारताना हा संकोच गळून पडतो, कारण त्या विद्यार्थ्याकडे प्रवेश नाकारण्याचा अधिकार नसतो आणि कोणाच्या धर्मनिष्ठेचे मोजमाप करण्याचाही नसतो. विद्यार्थी यजमानांचे खरे सामर्थ्य येथेच आहे.

या प्रथेमागे जुना धार्मिक आधारही उभा आहे. पाहुण्यांचे स्वागत, ज्याला हिब्रूत ‘हखनासत ओर्खिम’ म्हणतात, हे ज्यू परंपरेत सत्कृत्यांपैकी एक मानले जाते. तोरातील ‘उत्पत्ती’ या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात भर उन्हात तंबूच्या दाराशी बसलेला अब्राहाम तीन अनोळखी वाटसरू दिसताच त्यांच्याकडे धावत जातो, पाय धुण्यासाठी पाणी मागवतो आणि सारा त्यांच्यासाठी भाकरी भाजते. ईश्वराचे दर्शन घडत असतानाही तो पाहुण्यांकडे वळला, यावरून तालमूद या ग्रंथातील आचार्यांनी अतिथीचे स्वागत हे ईश्वरी सान्निध्यापेक्षाही श्रेष्ठ ठरवले. मुलगा तेराव्या आणि मुलगी बाराव्या वर्षी धर्माज्ञांना बांधील होते, असे परंपरा मानते. त्यामुळे वरच्या वर्गातील विद्यार्थी नव्या कुटुंबाच्या स्वागताला उभा राहतो तेव्हा तो शिक्षकांच्या हाताखालचे काम करत नसतो. त्याच्यावर स्वतंत्रपणे येऊन पडलेले कर्तव्य तो बजावत असतो.

ज्यू पंचांगाचीही या कामाला अनुकूलता लाभते. अमेरिकेत शाळा ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये सुरू होतात आणि थोड्याच आठवड्यांत रोश हशाना हे नववर्ष, योम किप्पुर हा उपवासाचा दिवस आणि सुक्कोत हा मांडवांचा सण येतो. सुक्कोतमध्ये शाळेच्या आवारात फांद्यांच्या छताचा मांडव उभारला जातो आणि अब्राहामापासून दाविदापर्यंतच्या सात पूर्वजांना मनोभावे पाहुणे म्हणून बोलावण्याची प्रथा आहे. या सणांची तयारी करताना मोठ्या आणि नव्या मुलांना एकत्र काम मिळते, आणि हातात काम असले की ओळख भाषणाशिवाय होते. बालवर्गांत शुक्रवारी शब्बाथचे स्वागत होते; पाव, द्राक्षरस आणि गाणी यांच्या त्या छोट्या सोहळ्याला पालकांनाही बोलावले जाते, आणि कित्येक पालक शब्बाथचे आशीर्वाद प्रथम तेथेच, आपल्या पाच वर्षांच्या मुलाकडून शिकतात.

ज्यू शाळेतील स्वागत नेहमीच असे नव्हते. लंडनच्या ‘ज्यूज फ्री स्कूल’ची स्थापना 1732 मध्ये झाली आणि 1900च्या सुमारास सुमारे 4 हजार विद्यार्थ्यांसह ती जगातील सर्वांत मोठ्या शाळांमध्ये गणली जात होती. 1881 नंतर रशियातील हिंसाचारातून पळून आलेल्या कुटुंबांची मुले तेथे येत आणि रोथशिल्ड घराण्याच्या देणगीतून त्यांना कपडे व बूट मिळत. शाळेचे औदार्य निर्विवाद होते; तथापि मुलांनी घरची यिद्दिश भाषा टाकून लवकरात लवकर इंग्रज व्हावे, हा तिचा स्पष्ट आग्रह होता. त्या काळातील दारिद्र्य आणि परकीयांविषयीचा द्वेष पाहता हा आग्रह समजण्याजोगा आहे, पण ज्या स्वागतात पाहुण्याला आपली भाषा दाराबाहेर ठेवावी लागते ते अपुरेच म्हणावे लागते.

अपुऱ्या स्वागताची झळ महाराष्ट्रातील ज्यूंनीही सोसली आहे. कोकणात स्थिरावलेल्या आणि मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाने 1875 मध्ये मुंबईत स्वतःची शाळा काढली. हाईम सॅम्युअल केहिमकर हे तिचे संस्थापक, आणि पुढे ती सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. या समाजातील हजारो लोक 1948 नंतर इस्रायलला गेले, तेव्हा तेथील धर्मपीठाने विवाहाच्या संदर्भात त्यांच्या ज्यू असण्याविषयीच शंका उपस्थित केली. जेरुसलेममधील दीर्घ आंदोलनानंतर 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू असल्याचे स्पष्ट केले. समाजात सामावून घेण्याची अट म्हणून आधी पुरावा मागितला तर किती खोल जखम होते, हे या इतिहासातून दिसते.

आजच्या प्रथेतही एक धोका आहे, आणि तो नोंदवणे आवश्यक आहे. डे स्कूलचे शुल्क अनेक ठिकाणी वर्षाला 20 हजार डॉलरच्या पुढे जाते, शाळांना नवे प्रवेश हवे असतात, आणि चांगले बोलणारे हसतमुख विद्यार्थी ही शाळेची उत्तम जाहिरात ठरते. प्रवेशापूर्वीच्या फेरफटक्यापुरतेच विद्यार्थी पुढे केले आणि प्रवेशानंतर कुटुंब एकटे पडले, तर त्याला स्वागत म्हणता येणार नाही. स्वागताची कसोटी नोव्हेंबर-डिसेंबरात लागते, जेव्हा वर्षारंभीचे सण संपलेले असतात आणि नव्या मुलाला जेवणाच्या वेळी कोणाशेजारी बसावे हा प्रश्न अजूनही पडत असतो.

2018 मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगवरील, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहावरील, हल्ल्यात 11 जण मारले गेले. तेव्हापासून ज्यू शाळांचा बंदोबस्त अधिकच कडक झाला असून, नव्या कुटुंबाला पहिला भेटतो तो बहुधा पहारेकरी. आतल्या बाजूला उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचे महत्त्व त्यामुळे वाढले आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये इस्रायलवर हल्ला झाल्यानंतर तेथून आलेल्या मुलांना अमेरिकेतील अनेक शाळांनी तात्पुरता प्रवेश दिला, आणि तेथे यजमान-पाहुण्याचे नाते अधिक गुंतागुंतीचे झाले. इस्रायली मुलांची मातृभाषाच हिब्रू असल्यामुळे वर्गातील हिब्रूच्या धड्यात ती यजमानांच्या पुष्कळ पुढे होती, परंतु धर्माचरण न करणाऱ्या घरांतील मुलांना सकाळची सामूहिक प्रार्थना अपरिचित होती. शिवाय वडील किंवा भाऊ लष्करी सेवेत असल्याची चिंता अनेकांच्या मनात होती. अशा मुलांच्या शेजारी बसणाऱ्या विद्यार्थ्याला प्रार्थनापुस्तकातील पान दाखवावे लागे, उच्चार त्यांच्याकडून सुधारून घ्यावे लागत, आणि कोणता प्रश्न विचारू नये हेही समजून घ्यावे लागे.