शेवाळ वेचणारे सोबती

उतारवयात एक उणीव हळूहळू जाणवू लागते. सारे आपली काळजी घेतात. आपण कोणाची घ्यावी, असे मात्र घरात काही उरत नाही. कुत्रा-मांजर सांभाळणे झेपत नाही, माशांची मोठी टाकी घासणे कंबरेला मानवत नाही. अशा घरासाठी गोड्या पाण्यातील छोटी कोळंबी हा विचार करण्याजोगा पर्याय आहे.

जपानी छायाचित्रकार ताकाशी आमानो (१९५४–२०१५) यांनी पाणवनस्पतींच्या टाकीतील शेवाळ आवरण्यासाठी जी कोळंबी लोकप्रिय केली, ती ‘आमानो’ याच नावाने ओळखली जाते. तिची पिल्ले खारट पाण्यावाचून जगत नाहीत. लाल ‘चेरी’ कोळंबी आकाराने लहान, जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर. ती मात्र घरच्या टाकीतच वाढते. पाने नि दगड दिवसभर वेचत राहणे हाच दोघींचा उद्योग. काचेवरचा घट्ट हिरवा थर मात्र आपल्यालाच पुसावा लागतो.

नवशिक्यांनी २० लिटरची टाकी आणि आठ-दहा चेरी कोळंबी घ्याव्यात. टाकी मजबूत टेबलावर, खुर्चीत बसून दिसेल अशा उंचीवर, थेट उन्हापासून दूर असावी. स्पंज फिल्टर व वनस्पती लावून, चिमूटभर खाद्य टाकत चार ते सहा आठवडे थांबावे. विषारी अमोनियाचा निचरा करणारे जिवाणू तोवर स्थिरावतात. चाचणीत अमोनिया व नायट्राइट शून्य दिसल्यावरच कोळंबी आणावी. आठवड्याला दोन-तीन लिटर पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी घालवावे. उन्हाळ्यात पाणी तीस अंशांपुढे जाऊ लागल्यास पृष्ठभागावर छोटा पंखा सोडावा. तांबे असलेली माशांची औषधे व डास मारण्याचे फवारे कोळंबीच्या जिवावर उठतात.

आता घरच्यांसाठी. पाणी उचलणे, सांडलेले लगेच पुसणे आणि विजेच्या तारा पाहणे ही कामे आपल्याकडे ठेवावीत. टाकीतील ‘मायकोबॅक्टेरियम मरिनम’ हा जिवाणू जखमेतून शिरून त्वचेवर चिवट गाठी निर्माण करू शकतो. ज्येष्ठांना मधुमेह असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा हाताला जखम असेल, तर त्यांनी पाण्यात हात घालू नये. नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नये. अशी गाठ दिसल्यास डॉक्टरांना टाकीविषयी आवर्जून सांगावे.

खाद्य घालण्याचा मान मात्र ज्येष्ठांचाच. विस्मरण होत असेल, तर खाद्याच्या वारांनुसार पुड्या बांधाव्यात आणि त्या औषधांच्या डबीपासून दूर ठेवाव्यात. उपाशी कोळंबीपेक्षा उरलेल्या अन्नाने नासलेले पाणी अधिक घातक ठरते.

एखाद्या सकाळी तळाशी पारदर्शक, निश्चल देह दिसेल आणि आजींच्या मनात चर्र होईल. बहुधा ती टाकलेली कात असते. ती काढू नये, कोळंबी ती खाते. नव्या कवचाची कोळंबी तोवर वनस्पतींत दडलेली असते. कधी ते खरेच मरणही असेल, कारण चेरीचे आयुष्यच वर्ष-दोन वर्षांचे. तेव्हा गुपचूप दुसरी आणून सोडू नये. ज्यांनी सांभाळले, त्यांना खरे सांगावे. काळजी घेण्याचा अधिकार दिला, तर निरोप देण्याचाही द्यायला हवा.