आरोग्यपच्चा आणि काणींचा वाटा

सह्याद्रीची रांग दक्षिणेला जिथे संपत येते, तिथे केरळ आणि तमिळनाडूच्या सीमेवर १,८६८ मीटर उंचीचं अगस्त्यमला शिखर आहे. त्याच्या उतारांवरच्या रानात काणी आदिवासींच्या वस्त्या आहेत. १९८७च्या डिसेंबरात पी. पुष्पांगदन आणि त्यांचे सहकारी वनस्पतिशास्त्रज्ञ काणी वाटाडे घेऊन या रानात शिरले. चढणीने शास्त्रज्ञांची दमछाक झाली. वाटाडे मात्र ताजेतवाने, अधूनमधून कसलीशी लहान फळं तोंडात टाकत चाललेले. ती खाल्ल्यावर पाहुण्यांनाही तरतरी आली. झाड कोणतं, हे मात्र काणी सांगेनात. जमातीबाहेर ते सांगायचं नाही, असा दंडकच होता. बऱ्याच मनधरणीनंतर त्यांनी ते दाखवलं.

ती होती ‘आरोग्यपच्चा’, ओल्या सावलीत वाढणारी लहानखुरी वनस्पती.

पुढे केरळमधल्या पालोडच्या वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेत तिच्यावर काम झालं. काणी फळं खात; संशोधकांना पानांतही थकवा घालवणारा गुण आढळला. त्यात अश्वगंधा, पिंपळी आणि विष्णुक्रांता मिसळून ‘जीवनी’ हे औषध तयार झालं. १९९५मध्ये कोइंबतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला सात वर्षांसाठी परवाना मिळाला : १० लाख रुपये शुल्क आणि विक्रीवर २ टक्के स्वामित्वधन. यातला निम्मा वाटा काणींचा ठरला. तो सांभाळायला १९९७मध्ये त्यांचा विश्वस्त निधी स्थापन झाला.

अशी वाटणी जगात क्वचितच झाली होती आणि संस्थेने ती आपणहून केली, याचं मोल मोठं आहे. पण ज्ञान सगळ्या जमातीचं, बोलणी थोड्यांशीच झाली. काणींमधल्या वैदूंना प्लाती म्हणतात. त्यांच्यातल्या काहींनी या व्यवहाराला उघड हरकत घेतली. दुसरी अडचण रानातलीच. काणी कुटुंबं आरोग्यपच्चाची लागवड करून पानं विकू लागली, तेव्हा लागवडीच्या आडून जंगलातली मूळ रोपंच उपटली जातील, म्हणून वनखात्याने आडकाठी केली. भीती खोटी नव्हती. तरीही ज्यांनी हे झाड पिढ्यान्‌पिढ्या जपलं, त्यांनाच त्याला हात लावायला परवानगी मागावी लागावी, हे अन्यायाचंच होतं.

औषधी वनस्पतींसह गौण वनोपजावर वनवासींची मालकी आणि जैवविविधतेविषयीच्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा हक्क २००६च्या वनहक्क कायद्याने मान्य केला. तोवर ‘जीवनी’च्या परवान्याची सात वर्षं उलटून गेली होती.