शटरच्या आतलं लाकूड

फर्निचरच्या दुकानात शिरलो की नमुन्यांच्या रंगाआधी प्लायवूडवरचा शिक्का वाचायची मला फार जुनी सवय आहे. घरोघरी चर्चा होते ती दर्शनी बाजूची: मेम्ब्रेनचं नक्षीदार शटर, चकचकीत अ‍ॅक्रिलिक की साधा सनमायका? पैसे कमी पडले की काटछाट होते ती आतल्या मालात. माझ्या मते ती नक्षीत व्हायला हवी.

याचं कारण आय.एस. 303 या भारतीय मानकात सापडतं. त्याच्या 1989 च्या आवृत्तीत प्लायवूडच्या दोन प्रती आहेत: ओलावा सोसणारी ‘एमआर’ आणि उकळत्या पाण्यात टिकणारी ‘बीडब्ल्यूआर’. ‘एमआर’चा तुकडा 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 3 तास ठेवून तपासायचा, ‘बीडब्ल्यूआर’चा 8 तास उकळून. मरीन प्लायचं मानक वेगळं, आय.एस. 710, तिथे उकळण्याचे तास 72. परीक्षा होते ती मुख्यतः थर धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याची. ‘एमआर’मध्ये बहुधा युरिया फॉर्माल्डिहाइड असतं, वरच्या प्रतींत फिनॉल फॉर्माल्डिहाइड. ‘वॉटरप्रूफ आहे’ या तोंडी हमीला या मोजमापात काहीच अर्थ नाही. प्रत बिलावर लिहून घ्यावी.

कोल्हापुरात हा फरक कागदावर राहत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर आली की इशारा, 43 फुटांवर धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये ती धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर होती, आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी दिवसच्या दिवस घरात राहिलं. भिजून फुगलेला पार्टिकल बोर्ड वाळल्यावर पूर्ववत होत नाही. त्यात बिजागरीचा स्क्रू धरत नाही. कडाप्पा मात्र धुऊन पुन्हा वापरता येतो. म्हणून ओट्याखाली कडाप्प्याचे कप्पे आणि अ‍ॅल्युमिनियम सेक्शनची दारं, वरच्या कपाटांना ‘बीडब्ल्यूआर’ आणि साधा सनमायका, ही वाटणी मला सर्वांत शहाणी वाटते. सनमायका आतूनही लावावा, एकाच बाजूला लावला तर दार वाकतं. नक्षीच्या खाचांत फोडणीचा चिकट थर बसतो आणि मेम्ब्रेनची फॉइल शेगडीच्या धगीने सुटू लागते. तिथे पैसे घालवू नयेत.

महाग माल नेमका कुठे वापरावा, हे मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी 1926 मध्येच दाखवलं होतं. फ्रँकफर्टच्या स्वस्त वसाहतींसाठी त्यांनी आखलेलं स्वयंपाकघर सुमारे 10 हजार घरांत बसलं. त्यात पिठाचे खण ओकचे होते, कारण ओकमधल्या टॅनिनमुळे पिठात किडे होत नाहीत. असा विचार आपल्याकडे दार निवडताना व्हायला हवा.

घर पूररेषेत असेल तर खालच्या दारांना चटकन सुटणाऱ्या बिजागऱ्या बसवून घ्या. नदीने इशारा पातळी गाठली की दारं काढून माळ्यावर टाकता येतात.